भाग २३ : आगगाडी आली नाही, कॅटलॉग आला

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मी कळंबहून बोलतोय. धाराशिव जिल्ह्यातलं कळंब नाही आणि यवतमाळचंही नाही. इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला लागून असलेलं आमचं कळंब. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण कुरिअरवाल्यांचाही घोळ होतो, आणि आजचा सगळा विषय टपालानं आणि कुरिअरनं फिरणाऱ्या कागदांचाच आहे.

विषय आहे मॉडेल रेल्वेचे जुने कॅटलॉग. खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या कंपन्या दर वर्षी जी पुस्तकं, पत्रकं आणि दरपत्रकं छापायच्या, ती. गाड्या नाहीत, फक्त कागद. मी दिवसा कोड लिहितो, आणि गेली पाच-सहा वर्षं हे कागद जमवतोय. आज माझ्याकडे बेचाळीस नग आहेत. आमच्या घरात याला अजूनही "रद्दी" म्हणतात. मागच्या भागात मी याचा ओझरता उल्लेख केला, तर बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा रे, गाड्या जमवणं समजू शकतो, पण गाड्यांच्या जाहिराती जमवून काय मिळतं? त्याचं उत्तर देतो, पण थोडं मागून येतो.

पहिलं म्हणजे खेळण्याला कॅटलॉग लागतोच कशाला? भोवऱ्याला कॅटलॉग नसतो. विटी-दांडूला नसतो. आगगाडीला का?

जर्मनीत ग्योपिंगेन नावाच्या गावात १८५९ साली मेर्कलिन कंपनी सुरू झाली. ते पत्र्याची खेळणी करायचे, मुख्यतः बाहुलीच्या घरातली भांडीकुंडी. त्या धंद्याची एक गंमत असते बघा. बाहुलीचं घर गिऱ्हाईक एकदाच घेतं, पण आतली चूल, खुर्च्या, ताटल्या दर नाताळला थोड्या थोड्या घेत राहतं. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिननं चावीची आगगाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे होते, आणि रुळांची रुंदी ठरवून त्या मापांना क्रमांक दिलेले होते. बाहुलीघराचाच हिशोब त्यांनी रेल्वेला लावला. इंजिन एकदा घ्या, मग पुढच्या वर्षी एक सांधा, त्याच्या पुढच्या वर्षी सिग्नल, मग स्टेशन, मग मालगाडीचे डबे. सगळं एकमेकांना बसणारच, कारण माप ठरलेलं आहे.

आता हे सगळं एका दुकानाच्या फळीवर मावत नाही. कुठला तुकडा कशाला जोडतो, वळणाचा तुकडा किती त्रिज्येचा, कुठल्या क्रमांकाचा डबा कुठल्या इंजिनामागे शोभतो, हे सांगायला पुस्तक लागतं. म्हणजे कॅटलॉग ही नुसती जाहिरात नव्हे. आमच्या धंद्यातल्या भाषेत बोलायचं तर ते त्या सिस्टमचं डॉक्युमेंटेशन होतं.

आणि ही युक्ती फक्त खेळण्यांत नव्हती हं. पॅरिसजवळच्या पॉल दकोव्हील नावाच्या शेतकरी-उद्योजकानं १८७५ च्या सुमारास आपल्या शेतातलं बीट वाहून न्यायला हलक्या रुळांचे तयार तुकडे केले. स्लीपरसकट जोडलेला तुकडा, माणसांनी उचलायचा, शेतात टाकायचा, पुढचा त्याला अडकवायचा. बीट म्हणजे साखरेचं बीट, म्हणजे तिकडचा ऊसच म्हणा. मग त्यानं हे तुकडे विकायला काढले. बर्लिनची ओरेनस्टाइन अँड कॉपेल ही कंपनीही हेच करायची: सरळ रूळ, वळण, सांधा, उलटवायची गाडी, छोटं इंजिन, सगळं छापील यादीतून. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेची पहिली वाफेची इंजिनं याच कंपनीची. आमच्या भागातली म्हातारी माणसं उसाच्या छोट्या गाडीच्या आठवणी सांगतात तेव्हा मला नेहमी वाटतं, मळ्याचा मॅनेजर आणि नाताळची वाट बघणारं पोरगं, दोघं एकाच पद्धतीच्या पुस्तकात बोट ठेवून बसलेले असणार. एकाच्या रुळांची रुंदी दोन फूट, दुसऱ्याच्या दोन इंच, एवढाच काय तो फरक.

बरं, आता कॅटलॉग वाचायचा कसा ते बघू. कारण यात एक चकवा आहे.

कॅटलॉगमध्ये छापलेलं सगळं कधी ना कधी विकलं गेलंच, असं समजू नका. कॅटलॉग छापायला द्यावा लागतो सिझनच्या कितीतरी आधी. तोपर्यंत कारखान्यात साचा तयार असेलच असं नाही. मग चित्रकार ड्रॉइंगवरून चित्र काढतो किंवा नमुन्याच्या फोटोवर रंग चढवतो. ज्यांनी कंपनीत "रोडमॅप"ची स्लाइड बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. (हसतो.) उदाहरण देतो. ब्रिटनच्या हॉर्नबीनं १९३८ साली हॉर्नबी-डब्लो नावानं लहान मापाची रेल्वे काढली. त्यात "डचेस ऑफ अथोल" हे इंजिन युद्धाआधीच जाहीर झालं होतं. पण महायुद्ध सुरू झालं आणि ते पोरांच्या हातात पडलं युद्ध संपल्यावर. मधली सगळी वर्षं ते इंजिन फक्त कागदावर होतं. ज्या मुलानं १९३९ साली त्या चित्रावर खूण केली, त्याला ते मिळेपर्यंत मिसरूड फुटलं असेल.

अमेरिकेत तर याहून मजेशीर झालं. तिथल्या लायोनेल कंपनीला युद्धकाळात धातू मिळेना, म्हणून १९४३ साली त्यांनी चक्क पुठ्ठ्याची गाडी विकली. कापलेले तुकडे, दुमडायचे आणि जोडायचे. जोडायला महाकठीण होती म्हणतात. कॅटलॉगातली गाडी कागदाची, आणि विकत घेतलेली पण कागदाचीच!

लायोनेलच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवायचं. त्यांचे कॅटलॉग दोन प्रकारचे असायचे. एक दुकानदारासाठी आगाऊ छापलेला, दुसरा गिऱ्हाइकासाठी. दोन्ही ताडून बघितले तर मधल्या काही महिन्यांत काय गळालं, कशाचा रंग बदलला हे दिसतं. दोन व्हर्जनमधला डिफ काढल्यासारखं. मला सगळ्यात जास्त मजा यात येते, पण ही मजा सगळ्यांना कळेल असं नाही, म्हणून पुढे जातो.

आता आपल्याकडे येऊ. आजचा माझा मुख्य मुद्दा इथे आहे.

तिकडच्या संग्राहकांचा नियम साधा आहे: कॅटलॉग जितका कोरा, जितका स्वच्छ, तितका भारी. पानावर पेनाची रेघ असली की किंमत पडते. कुणी पोरानं नाव लिहिलं असेल तर आणखी पडते. काही विक्रेते तर पेन्सिलच्या खुणा रबरानं पुसून मग विकतात. तिकडे हे ठीक आहे, कारण तिकडे गाड्या आहेत. लाखो घरांत त्या होत्या, आजही माळ्यावर सापडतात. कॅटलॉग हा तिथे गाडीचा सोबती आहे.

आपल्याकडे गाड्या नव्हत्याच. म्हणजे अगदी नव्हत्या असं नाही. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे, ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढे जाणारी. डब्यांवर शिंदे घराण्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं आहेत, एका डब्यावर एक. पण ती शिंद्यांची. सर्वसाधारण मराठी घरात, अगदी बऱ्या पगाराच्या घरातसुद्धा, विजेवरची परदेशी आगगाडी ही परवडणारी वस्तू नव्हती. त्यातच १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि आयातीवर कडक बंधनं बसली. खेळणी हा काही देशाच्या गरजेचा माल नव्हे, त्यामुळे ती दारं बंदच झाली म्हणायची. ग्राहकोपयोगी मालावरची उरलेली संख्यात्मक बंधनं उठली ती थेट १ एप्रिल २००१ ला. म्हणजे दोन पिढ्या गेल्या.

पण कागद येत राहिला. तिकडे शिकायला गेलेल्या काकानं पाठवलेलं पत्रक, बोटीवर नोकरीला असलेल्या कुणी आणलेलं पुस्तक, मेकॅनो मॅगझिनचे जुने अंक आणि त्यातली जाहिरातींची पानं. इंजिन अडायचं, कॅटलॉग टपालानं सुटून यायचा. त्यामुळे आपल्याकडे कॅटलॉग हा गाडीचा सोबती नाही, तीच गाडी आहे. आणि म्हणून आपल्याकडच्या कॅटलॉगात जमवण्यासारखं जे आहे ते छापलेलं नाहीच मुळी. जे लिहिलंय ते आहे.

माझ्याकडे एका अशा पत्रकाचे फोटो आहेत. हो, फोटो, मूळ कागद माझ्याकडे नाही, ते का ते सांगतो. आमच्या भागातल्या एका निवृत्त टूलरूम कामगाराच्या घरी ते निघालं. ते गृहस्थ आता नाहीत. सूनबाईंनी कपाट रिकामं करताना रद्दीचा गठ्ठा बांधला होता आणि रद्दीवाला संध्याकाळी येणार होता. माझा छंद माहीत असलेल्या एका मित्रानं मला फोन केला. ब्रिटिश कंपनीचं घडीचं पत्रक, एका बाजूला इंजिनं, दुसऱ्या बाजूला डबे आणि स्टेशनं. एका वस्तूपुढे छापील किंमत शिलिंगमध्ये आणि तिच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात आकडा: ३३ रु. ३३ न.पै. त्याच्याखाली काहीच नाही. आणि इंजिनाच्या चित्रावर ठिकठिकाणी रेघा मारून मापं घातलेली, सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडचे सुतार आणि फिटर हेच माप बोलतात. चाकाला इतके सूत, धुराड्याला इतके सूत, दोन चाकांमध्ये इतकं अंतर.

मी सूनबाईंना विचारलं, ही मापं कशाला घेतली असतील हो? त्या आत गेल्या आणि एक सागवानी इंजिन घेऊन आल्या. चाकं दोऱ्याच्या लाकडी रिळांची. घरातल्या दोन पिढ्यांनी खेळून कडा गुळगुळीत झालेल्या. त्यांना ते इंजिन "आजोबांनी मनानं केलेलं" एवढंच माहीत होतं. पत्रक आणि इंजिन शेजारी ठेवल्यावर घरातले सगळेच जरा गप्प झाले. मग ते पत्रक काही मला मिळालं नाही आणि मी मागितलंही नाही. ते आता त्या इंजिनाखाली काचेच्या कपाटात आहे, जिथे असायला पाहिजे तिथे.

आता त्या ३३ रुपये ३३ नव्या पैशांकडे परत या, कारण त्यात माहिती ठासून भरलेली आहे. १९६६ च्या जूनपर्यंत पौंडाचा भाव होता १३ रुपये आणि एक तृतीयांश. अडीच पौंड गुणिले तेरा पूर्णांक एक तृतीयांश करा: तेहतीस रुपये आणि तेहतीस पैसे. चोख. म्हणजे हा हिशोब रुपयाच्या अवमूल्यनाआधीचा आहे. ६ जून १९६६ ला अवमूल्यन झालं आणि पौंड २१ रुपयांवर गेला. त्यानंतर हाच हिशोब साडेबावन्न रुपये आला असता. पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटननं स्वतःचा पौंड उतरवला, आपण रुपया तसाच ठेवला, म्हणून भाव १८ वर आला. तेव्हा उत्तर पंचेचाळीस आलं असतं. आणि "न.पै." बघा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, त्याआधी आणे असते. त्यातलं "नवे" हे विशेषण १ जून १९६४ ला अधिकृतपणे गेलं. लोक पुढेही लिहीत राहिले असतील, पण सुरुवात तर पक्की आहे. म्हणजे हा माणूस १९५७ नंतर आणि १९६६ च्या आत कधीतरी संध्याकाळी दिव्याखाली बसून पेन्सिलीनं भाव काढत होता. पत्रक कधी छापलं ते पत्रक सांगतं. पण ते इथे कधी वाचलं गेलं हे फक्त ही पेन्सिल सांगते, आणि जगातल्या कुठल्याही कोऱ्या प्रतीत ही माहिती नाही.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे असं काही असेल तर खाडाखोड आहे, फुल्या आहेत, कुणा पोराचं नाव आणि इयत्ता आहे, दुकानाचा शिक्का आहे म्हणून कमी समजू नका. आणि देवाशपथ, रबर लावू नका.

छपाईची तारीख कशी काढायची तेही सांगून टाकतो. सगळ्या कॅटलॉगवर साल छापलेलं नसतं, पण मागच्या पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, एक कोड असतो. मेकॅनो आणि हॉर्नबीच्या कागदांवर तो तीन भागांत असतो, मध्ये तिरक्या रेघा. समजा १६/७५५/१०० असं काही दिसलं, तर मधला भाग महिना आणि साल: सातवा महिना, १९५५. शेवटचा भाग बहुधा किती हजार प्रती काढल्या तो. मेर्कलिनच्या माहितीपत्रकांवरही चार आकडे सापडतात, पहिले दोन महिना, पुढचे दोन साल, आणि मागे छापखान्याची दोन अक्षरं. भिंग घ्या आणि मुखपृष्ठ सोडून आधी हे शोधा. कोड फाटून गेला असेल तर पैशाकडे बघा. ब्रिटिश किंमत शिलिंग आणि पेन्समध्ये असेल तर कागद १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचा, कारण त्या दिवशी त्यांनी दशमान पद्धत घेतली. कंपनीचं नावही बोलतं. मेकॅनो कंपनी १९६४ साली लाइन्स ब्रदर्सनं घेतली आणि मग "ट्राय-अँग हॉर्नबी" असं जोडनाव आलं. जोडनाव दिसलं की पन्नासच्या दशकातला म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडून निघायचं.

नकली माल? असतो. म्हणजे फसवायलाच केलेला असं नाही. जुन्या कॅटलॉगांची पुनर्मुद्रणं संग्राहकांसाठीच उघडपणे निघाली, पण चार हात फिरल्यावर त्यातलं "पुनर्मुद्रण" लिहिलेलं पान गायब होतं. ओळखायला दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा पुरतो. कागद झळाळी देऊन निळसर चमकवणारी रसायनं कागदात सर्रास यायला लागली ती साधारण १९५० नंतर. १९३० चा म्हणून दाखवलेला कॅटलॉग दिव्याखाली ट्यूबलाइटसारखा उजळला, तर समजून जा. उलट बाजू मात्र खरी नाही: उजळला नाही म्हणजे जुनाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पिनाही बघा. पिना गंजलेल्या असतील तर गंजाचा डाग शेजारच्या पानात उतरलेला असतो. पान जुनं आणि पिना चकचकीत, तर कुणीतरी मधली पानं बदलली असू शकतात.

मिळतात कुठे? पुण्याच्या जुन्या बाजारात, रविवार आणि बुधवार, पण तिथे दहा फेऱ्यांत एकदा. बाकी परदेशी विक्रेते. इथे एक गंमत सांगतो, इंजिनिअर मंडळींना आवडेल. सीमाशुल्काच्या पुस्तकात खेळण्यातली रेल्वे आणि छोट्या प्रमाणावरची मॉडेलं येतात ९५०३ या शीर्षकाखाली. त्यावरचं मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ साली ७०. छापील व्यापारी कॅटलॉग मात्र ४९११ खाली, छपाईच्या मालात. म्हणजे साठ वर्षांनी कायदा बदलला, सरकारं बदलली, पण इंजिन अडतं आणि कॅटलॉग सुटतो, हे तसंच राहिलं! फक्त विक्रेत्याला पाकिटावर "टॉय ट्रेन" असं न लिहिता "जुना छापील कॅटलॉग" असं स्पष्ट लिहायला सांगा. जे आहे तेच लिहायचंय, खोटं काही नाही.

कागदातलं प्रत्यक्ष धावताना बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. त्याआधी ऐंशीच्या दशकात त्यांनी पुणे, मुंबई, सोलापूर अशी फिरती प्रदर्शनं भरवली होती. आयातीला बंदी असण्याच्या काळात हे केलेलं आहे, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप. आधी एखादा जुना कॅटलॉग चाळा आणि मग तिथे जा. सिग्नलकडे, सांध्यांकडे बघण्याची नजरच बदलते.

जाता जाता बारामतीकरांसाठी एक हिशोब. मी चाळलेल्या कुठल्याही परदेशी कॅटलॉगात मला आपली ब्रॉडगेज दिसली नाही. कारण साधं आहे. सगळ्यात जास्त चालणारं एचओ हे माप म्हणजे मूळ गाडीच्या सत्याऐंशीवा भाग, आणि त्याचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. साडेसोळा गुणिले सत्याऐंशी म्हणजे १४३५ मिलिमीटर, युरोपातली रेल्वे. आपली ब्रॉडगेज १६७६. तिला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ लागेल, जो कुणी विकत नाही. पण दौंड-बारामती लाइन १९१४ साली सुरू झाली तेव्हा ती नॅरोगेज होती, अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला सत्याऐंशीनं भागा: पावणेनऊच्या आसपास. आणि एन नावाच्या मापाचा तयार रूळ असतो नऊ मिलिमीटरचा! म्हणजे जुनी बारामतीची गाडी, आणि त्याच मापाची बार्शी लाइटसुद्धा, परदेशी कॅटलॉगातल्या तयार रुळावर व्यवस्थित धावू शकते. वरचा डबा आणि इंजिन तेवढं आपण करायचं. सागवानाचं केलं तरी चालेल.

आता सांभाळायचं कसं, एवढं सांगून थांबतो. आपल्याकडे कोकणासारखी ओल नाही. इथले शत्रू म्हणजे धूळ, कसर आणि वाळवी. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. कॅटलॉग उभे ठेवू नका, आडवे ठेवा. पाकीट पॉलिएस्टरचं घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांना शाई चिकटते. लॅमिनेशन तर कधीच नाही, चिकटपट्टीही नाही. गंजलेली पिन ओढून काढायची नाही. मागची टोकं बोथट सुरीनं सरळ करून मग हळूच काढायची. गुळगुळीत आर्ट पेपर भिजला आणि तसाच वाळला तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून ओली असतानाच सुटी करायची.

आणि स्कॅन. पूर्ण कॅटलॉग स्कॅन करून सगळीकडे टाकू नका, यातल्या काही कंपन्या आजही चालू आहेत आणि हक्क त्यांचे असू शकतात. स्वतःपुरतं मात्र जरूर करा, ६०० डीपीआयवर, रंगीत. मागचं पान आणि आतलं सुटं दरपत्रक विसरू नका, तेच आधी हरवतं. मोबाइलवर करणार असाल तर स्कॅनिंगच्या ॲपमध्ये पान आपोआप "स्वच्छ" करणारं फिल्टर असतं. कागदाचा पिवळेपणा घालवताना ते पेन्सिलीच्या फिकट रेघाही खाऊन टाकतं. फोटो काढायच्या आधी ते बंद करा.

पुढच्या भागात नीरा डावा कालवा आणि त्याच्या जुन्या नकाशांवर बोलू. तोपर्यंत नमस्कार.